मी कापून टाकलेला बचाव

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या आमच्या घरात वरची खोली भाड्याने घेतलेली मुलगी न्यूझीलंडची, तिथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी. युनिव्हर्सिटीत शिकायची आणि तिथल्या टीममधून फुटबॉल खेळायची, बचावफळीत. आल्या दिवशीच तिने मला ‘आंटी’ करून टाकलं. तिच्याकडेही आईच्या वयाची प्रत्येक बाई आंटीच असते म्हणे. मीही तिला लगेच फ्रिजवरच्या यादीत घेतलं: मंगळवारी कचरा, शनिवारी मॅच.

२००५च्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, तिच्या देशाच्या संघाची निवड जवळ आली. निवडणारे तिकडे, ही इकडे. त्यांना मॅचची कॅसेट पाठवायची होती. “मी शूट करते,” मी म्हणाले. माझ्या गाठीशी चार मुंजी आणि एक डोहाळजेवण होतं.

तीन मॅचेस शूट केल्या. मग वाटलं, निवडणाऱ्यांचा वेळ कशाला खा? वही घेऊन बसले, मिनिटं टिपली आणि जिथे काहीच घडत नव्हतं ते सगळं कापून वीस मिनिटांची नेटकी कॅसेट केली. मूळ टेप वाया जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर मंडळाचा भोंडला रेकॉर्ड केला.

माझी लेक, ती आणि मी बघायला बसलो. गोल. गोल. गोलकीपरची उडी. पुन्हा गोल.

“आई, पण ही आहे कुठे?” लेकीने विचारलं.

“आहे की! प्रत्येक गोलनंतर मिठी मारायला येते बघ.”

“आई, शी इज अ डिफेंडर! ती काही घडू देत नाही, म्हणून काही घडत नाही. यू कट हर आउट!”

आमची खेळाडू उशीची चेन उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, “आंटी, माझी एकही मिठी सुटलेली नाही. थँक्यू.” आणि जरा थांबून, “शनिवारी शेवटची मॅच आहे. सोमवारी टेप गेलीच पाहिजे. फक्त बॉलकडे बघू नका. माझ्याकडे बघा.”

शनिवारी तळहातावर पेनाने ‘बॉल नाही’ लिहून गेले. नव्वद मिनिटं तिच्यावरून कॅमेरा हलवला नाही. ती दोन पावलं मागे सरकायची, ओरडून कुणाला तरी जागा दाखवायची. समोरून धावत येणारी मुलगी हिला तिथे उभी बघून चेंडू दुसरीकडे वळवायची. पुन्हा, पुन्हा तेच. यातलं काय कापायचं ते मला कळेना, म्हणून काहीच कापलं नाही.

महिन्याभराने तिची निवड झाली. पुढे ती देशासाठी खेळत राहिली. टीव्हीवर मिळेल ती तिची मॅच मी बघते, आणि संपल्यावर लेकीला फोन करून विचारते, “कोण जिंकलं गं?”