निम्मं पोतं आणि मेंढरं

मैंदर्गीच्या माझ्या मामांनी आयुष्यात एकाच माणसावर विश्वास ठेवला असावा, आणि तो कोण हे त्यांनी अजून कुणाला कळू दिलेलं नाही. युरियाचं पोतं घरी आलं की मूठभर खत तांब्याभर पाण्यात टाकायचं आणि तांब्या गालाला लावायचा. गार लागला तर खत खरं. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की जुळे सोलापुरात आमच्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोनं दिलेलं सरबतही त्यांनी आधी गालाला लावलं आणि मगच प्यायले.

नुसत्या युरियावर रान कडक झालं आणि दोन वर्षं ज्वारी गुडघ्याच्या वर येईना. त्यांचा मुलगा सोलापुरात नोकरीला. त्यानं सांगून टाकलं, यंदाही असंच झालं तर रान वाट्यानं द्या आणि माझ्या फ्लॅटवर राहायला या. तिसऱ्या मजल्यावर राहायचं या कल्पनेनं मामांची झोपच उडाली. मामी म्हणाली, "उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवा, लेंड्यांचं खत हुईल. पावसाळ्यात उडीद घ्या, त्येचा पाला मातीत गाडा, आन् ज्वारीला निम्मंच पोतं टाका."

"दोन्ही खतं टाकायची आन् पीक गेलं तर जाब कुनाला इचारायचा?" मामा म्हणाले. "पोतं मेंढराकडं बोट दावनार, मेंढरू पोत्याकडं."

तरी मेंढरं आली. मामा बुट्टी घेऊन कळपामागून चालायचे आणि वाटेवरच्या लेंड्या गोळा करायचे. धनगर बिचारा म्हणाला, "मालक, वाटंवरच्या कशाला येचता वो?" "खत वाटंतच सांडावं म्हनून तू मुद्दाम हळू हाकतूस, मला ठावं हाय," मामा म्हणाले. पुढं उडीद निघाला, ज्वारी पेरली, निम्मं पोतं टाकलं. उरलेलं निम्मं त्यांनी सुतळीनं शिवलं आणि त्याच्यावरच बसून जेवायला लागले. मामी ते गुपचूप रानात टाकेल आणि सगळं नाव मेंढरांचं करेल, असा त्यांना दाट संशय होता. मामी ताट वाढायची आणि हसायची.

ज्वारी डोक्याच्या वर गेली. कुणी रात्री चोरून खत टाकून गेलं की काय, म्हणून मामा चार दिवस बांधावर कुणाच्या पावलांच्या खुणा दिसतात का ते बघत हिंडले. शेवटी मामीलाच विचारलं, "खरं सांग, ह्ये काम मेंढरांचं का पोत्याचं?"

"दोघांचंबी की," मामी म्हणाली.

"आसं कसं आसंल," मामा म्हणाले, पण उरलेलं खत टाकायला पोत्याची सुतळी काही उसवली नाही.

मी हुरड्याला गेलो तेव्हा मामा त्याच पोत्यावर बसले होते. मुलाला फोन झाला होता. बरं झालं, आता तिकडंच राहा, असं तो म्हणाला होता. मामांना हवं होतं ते मिळालं होतं, तरी चेहरा उतरलेला. कणीस चोळता चोळता हळूच म्हणाले, "पोरगं लई लवकर हो म्हनलं रं. आमी नकोच हुतो का काय त्येला?"

मला फार वाईट वाटलं. त्याच्या फ्लॅटमध्ये मामांसाठी म्हणून ठेवलेल्या खोलीत त्यानं आपल्या मुलीच्या अभ्यासाचं टेबल केव्हाच मांडलेलं मी पाहिलं होतं.

"त्यानं तुमच्यासाठी पलंगसुद्धा आणून ठेवलाय," मी म्हणालो.

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पलंग लाकडी का लोखंडी, कुठल्या भिंतीला लावलाय, असं आता विचारणार म्हणून मी उत्तरं जुळवू लागलो. त्यांनी काहीच विचारलं नाही. हातातला हुरडा फुंकला आणि सगळाच्या सगळा माझ्या हातावर ठेवला.