सोसायटीच्या मीटिंगचा चहा

मराठवाड्यातल्या आमच्या गावात वडील हॉटेलच्या बाहेर उभं राहून चहा प्यायचे. त्यांच्यासारख्यांचा कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा आणि प्यायल्यावर तो त्यांनीच विसळून ठेवायचा. एक दिवस त्यांनी कप न विसळता तसाच ठेवला आणि पुन्हा त्या हॉटेलकडे फिरकले नाहीत. 'चहा प्यायचा तर आपल्या घरचा,' असं ते म्हणायचे. घरचा चहा म्हणजे गुळाचा, कोरा. दूध नसायचंच. तरी मला त्याचं वेड होतं.

लग्न होऊन भाईंदरला, नवघरला आले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बिल्डिंग नवी होती, जिन्याला अजून रंगाचा वास येत होता. नवरा सरकारी नोकरीत, मी जवळच्याच एका कारखान्यात टायपिस्ट. पहिल्या पगारातून मी दार्जिलिंगची शंभर ग्रॅम पत्ती आणली. दुकानदाराने बजावलं होतं, "मॅडम, इसमें दूध मत डालना." तसाच केला. फिकट सोनेरी रंग, भिजवलेल्या मनुकांसारखा वास. नवऱ्याने एक घोट घेतला.

"हे तर गरम पाणी आहे."

"मग तुम्ही नका घेऊ. मला जास्त उरेल."

त्यानंतर दर महिन्याला नवी पत्ती यायला लागली. आसाम, निलगिरी, मग कांगड्याची हिरवी. आई गावाहून आली तेव्हा माझा कप बघून म्हणाली, "एवढी महागाची पत्ती आणून कोराच पितीस? मग आमचंच काय वाईट होतं?" आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

सोसायटीची मीटिंग रविवारी सकाळी, तळमजल्यावर सेक्रेटरींच्या घरी व्हायची. पहिल्या मीटिंगला सगळ्यांना फुलाफुलांच्या कपांत चहा आला आणि आम्हा दोघांना स्टीलच्या ग्लासांत. मला वाटलं, कप कमी पडले असतील. दुसऱ्या मीटिंगला तेच ग्लास पुढे आले, आणि ट्रेमध्ये दोन कप रिकामे होते. आमच्या दारावरचं आडनाव आणि भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर एव्हाना सगळ्यांनी पाहिली होती.

"वहिनी, आम्हाला पण कप चालतील," मी म्हटलं.

सेक्रेटरीवहिनी गोंधळल्या. "अहो, ग्लासात जास्त बसतो म्हणून..."

"मग सगळ्यांनाच ग्लास द्या ना."

नवरा फरशीकडे बघत राहिला. मी ग्लासाला हात लावला नाही. उठताना सांगितलं, "पुढची मीटिंग आमच्याकडे. चहा मी करणार."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "कशाला उगाच? आपल्याला राहायचंय इथं."

"म्हणूनच बोलले. पाहुणी असते तर गप पिऊन गेले असते."

एकसारखे डझनभर कप आणले. मीटिंगच्या दिवशी तीन चहा केले: आलं घालून दुधाचा आसाम, कोरा दार्जिलिंग आणि कांगड्याचा हिरवा. चौदा घरांपैकी सातच आली. सेक्रेटरीवहिनी म्हणाल्या, "मला आज उपास आहे."

"उपासाला चहा चालतो, वहिनी."

"माझा कडक आहे."

दोघींना ॲसिडिटी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांनी मात्र दार्जिलिंगचा कप उचलला, डोळे मिटून वास घेतला आणि विचारलं, "बेन, ये पत्ती कहां से लाया?" त्यांनी तीन कप घेतले. सेक्रेटरी पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते, त्यांच्यासमोरचा कप तसाच होता. तेवढ्यात माझा नवरा उठला. त्याने तो कप उचलून त्यांच्या हातात दिला. "घ्या साहेब, थंड होतोय." सेक्रेटरींनी बायकोकडे न बघता तो संपवला. उरलेले कप मी सगळ्यांच्या देखत एकेक करून प्यायले. घाई केली नाही.

पुढे त्यांच्या घरी दोनदा पुन्हा ग्लास आला, दोनदा मी तो तसाच ठेवला. पण मीटिंग एकही चुकवली नाही. तिसऱ्यांदा कप आला. चहा खरंच चांगला होता, गवती चहा घातलेला, आणि मी तसं वहिनींना सांगितलं. आम्ही गेल्यावर त्या कपाचं त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. तो प्रश्न त्यांचा. आमच्या घरचा चहा मात्र त्या सहा वर्षांत एकदाही प्यायल्या नाहीत. मी दर वेळी विचारत राहिले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये राहायला गेलो. समोरच्या काश्मिरी बाईंनी पहिल्याच आठवड्यात बोलावून गुलाबी चहा दिला. चहात साखरेऐवजी मीठ! पहिला घोट घशाखाली उतरेना. त्या हसून म्हणाल्या, "रहने दीजिए, आदत नहीं होगी."

"नाही नाही," मी मराठीतच म्हटलं, "राहू द्या काय? पूर्ण पिणार."

कप रिकामा केला आणि विचारलं, "यह बनता कैसे है?"