जावेचा एसी आणि माझी काळी भिंत

मंडळी, आज जरा लाजिरवाणं लिहितेय. हसलात तरी चालेल.

कामोठ्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने, स्मिताने, गेल्या उन्हाळ्यात एसी घेतला. मग मीही हट्टाने आमच्या विचुंब्याच्या घरात बसवून घेतला.

आज सकाळी त्याच्या खालचं कपाट सरकवलं, तर मागची अख्खी भिंत बुरशीने काळी! लगेच बोलावलेला एसीचा मेकॅनिक म्हणाला, "पाणी जायच्या पाइपला उतारच नाही दिलेला. पाणी भिंतीत मुरतंय." आणि त्याच भिंतीशेजारी माझी मनू झोपते. तीन आठवडे खोकतेय पोरगी.

नवऱ्याने स्मिताला फोन केला. तासाभरात ती मास्क, हातमोजे घेऊन हजर! स्टुलावर चढून भिंत घासायलाच लागली.

"तुमचा नाही गळत?" मी विचारलं.

"नाही हो ताई, आमचा अगदी मस्त चालतो."

ती सहज बोलली, पण मला झोंबलं. माझ्या घरात घाम गाळणाऱ्या बाईचाही एसी गळावा, असं चक्क मनात आलं माझ्या!

निघताना ती म्हणाली, "भिंत सुकेपर्यंत मनूला माझ्याकडे राहू द्या." मनूने उडीच मारली. मी हसत तिची बॅग भरून दिली.

आत्ता मनूचा फोन आला होता. "आई, काकूकडे कसलं गार आहे!"

स्मिताला थँक यू म्हणायचं राहिलंय. दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. ज्याचे आभार मानायचे त्याचाच हेवा वाटतो, असं तुमचं होतं का कधी? की मीच अशी?