पाटवडीचं पातेलं आणि मेयरची सभा

माझं पाटवडीच्या रश्शाचं पातेलं गॅरेजमध्ये होतं. लॉनमोअरच्या शेजारी, खाली जमिनीवर. झाकणसुद्धा कुणी उघडलं नव्हतं.

मी जादा खुर्च्या न्यायला आले होते. आत हॉलमध्ये पन्नास मराठी माणसं, आमच्या गावच्या मेयरपदाचा गोरा उमेदवार, आणि टेबलावर सगळ्यांचे पदार्थ. कुणी दुकानातून आणलेले समोसेही होते की तिथे!

मागून काकू आल्या. घर त्यांचंच.

"अगं, राग मानू नकोस. सकाळी पूजा झाली ना, सासूबाई आल्यात पुण्याहून. त्यांना नाही चालत."

"काय नाही चालत, काकू? तिखट?"

काकू खुर्ची उचलून आत गेल्या.

मला अमेरिकेत दहा वर्षं झाली होती, शिकागोजवळच्या या गावात येऊन तीन. मी नर्स. नागपूरची, बौद्ध. दर पॉटलकला कोणी काय आणायचं त्याचा ईमेल यायचा. माझ्या नावापुढे कायम पेपर प्लेट्स, नॅपकिन, सोडा. मला वाटायचं, बिचारे माझ्या ड्यूटीचा विचार करतात! नवऱ्याला कौतुकानं सांगायची. एवढी मी येडी. त्या दिवशी पहिल्यांदाच न विचारता काही करून नेलं होतं.

आणि राबले किती! नुकतीच सिटिझन झाले होते, पहिलं मत देणार होते. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून सगळे म्हणत, इथे आपण एकीनं राहायला हवं. मला ते खरंच वाटलं. ड्यूटी संपली की बर्फात दारोदार फिरले, आपल्या लोकांचे मतदारयादीचे फॉर्म भरून घेतले. म्हणूनच काकूंच्या नवऱ्यानं, काकांनी, उमेदवाराची ओळख करून द्यायचं काम मला दिलं. भाषण त्यांनीच लिहिलेलं. पहिलं वाक्य, आम्ही मराठी माणसं इथे एकच कुटुंब आहोत.

मला ते वाक्य मनापासून म्हणायचं होतं हो. एकदा म्हटलं की मी यांच्यातली झाले, असं वाटायचं.

माईक हातात आला. कागद उघडला आणि डोक्यात तिडीक गेली. इंग्रजीत म्हणाले, "इथे लिहिलंय, आम्ही एक कुटुंब आहोत. हे खोटं आहे. मी केलेलं जेवण गॅरेजमध्ये ठेवलंय, कारण माझी जात यांना चालत नाही."

काकांनी माईक हिसकावला. उमेदवारानं माझा खांदा थोपटला. "आय ॲम शुअर इट्स अ मिसअंडरस्टँडिंग," म्हणाला, आणि रस्त्यांच्या दुरुस्तीवर बोलायला लागला. एकही माणूस उठला नाही. ज्यांचे फॉर्म मी भरले तेही नाहीत. माझा नवरा मान खाली घालून बसलेला. त्या मानेचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मतदानाला गेले. मेयरच्या नावांपुढे खूणच केली नाही. पहिलं मत असं वाया गेलं.

आमचा उमेदवार थोडक्यात हरला. खापर माझ्या डोक्यावर. ईमेलच्या यादीतून माझं नाव गेलं. नवरा विचारतो, "काय मिळवलंस?" काही नाही. काही बदललं नाही, बदलेल असं वाटतही नाही.

पुढच्या वेळी सिटी कौन्सिलला मीच उभी राहणार आहे. हरणार, हे लख्ख माहीत आहे. पण मतपत्रिकेवर माझं जात सांगणारं आडनाव पूर्ण छापलेलं असेल. ते वाचून, हातानं दुसरीकडे खूण करूनच त्यांना मला नाकारावं लागेल.