सुकट अडवणारं दार

पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात दारं-खिडक्यांच्या फटीत बसवायच्या रबरी पट्ट्या तयार होतात. सगळे त्याला बीडिंग म्हणतात. सोऱ्यातून शेव पडावी तशी मशीनमधून काळी पट्टी बाहेर येते, आणि ती मापात आहे का हे बघायचं काम माझं. हुद्दा क्वालिटी इन्चार्ज. हाताखाली कोणी नाही, त्यामुळे मी स्वतःचाच इन्चार्ज आहे.

पट्टी वास अडवते का हे तपासायची आमची पद्धत अगदी घरगुती. काचेचं दार असलेल्या छोट्या केबिनमध्ये गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, दार लावायचं आणि बाहेर उंबऱ्याशी उदबत्ती पेटवायची. वास आला तर त्याने हात वर करायचा. मग फॉर्म भरायचा: पाणी, वास, आवाज. आवाजाचा रकाना मी कायम कोरा सोडत असे, कारण आवाज मोजायचं यंत्र घ्यायचं म्हटलं की आमचे शेठ 'दिवाळीनंतर बघू' म्हणत. कुठली दिवाळी ते सांगत नसत.

त्या दिवशी उलव्यातल्या एका टॉवरच्या बिल्डरचे साहेब येणार होते. ही ऑर्डर गेली तर पॅकिंग बंद, असं शेठनी सांगून टाकलं होतं. म्हणजे तळवलीच्या मावशी धरून चार बायका घरी. मी जाम घाबरलो होतो. त्या घाबरगुंडीत मी केबिनच्या दाराला एकाऐवजी दोन पट्ट्या बसवल्या, एकीवर एक, आणि कोणाला बोललो नाही.

साहेब जेवणाच्या सुट्टीत आले. मोबाइल माझ्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि उदबत्ती बघून हसले.

मावशींना ते लागलं. "उदबत्ती काय, कोन पन अडवील," त्या म्हणाल्या. "मी सुकट भाजते. ती अडवली तर माना."

साहेब मजेत आत जाऊन बसले. मी दार ढकलून लावलं. मावशींनी चहाच्या शेगडीवर तव्यात सुकट टाकली, सुक्या मासळीचा वास सुटला आणि पाच मिनिटांत शेजारच्या गाळ्यातली माणसं डोकावून गेली. साहेबांचा हात खालीच. आम्हाला इतका आनंद झाला की मावशींनी सुकटीत कांदा घातला, भाकऱ्यांचं फडकं सोडलं आणि आम्ही तिथेच जेवायला बसलो.

दुसऱ्या भाकरीला साहेबांनी हात वर केला. मग दुसराही.

"दोन हात वर हायेत," मावशी म्हणाल्या. "लय वास येतोय वाटतं."

मी उठलो आणि फट राहू नये म्हणून दाराला खांदा लावून सगळ्या ताकदीने रेटलं. आत साहेब हातवारे करत होते, तोंड उघडत होते, मिटत होते. मी त्यांना खुणेने 'आता कमी होईल' असं सांगितलं.

अखेर मावशीच म्हणाल्या, "अवो, त्यांना भायेर येवाचं हाय."

दार उघडेना. रबराला रबर असं चिकटलं होतं की हँडल माझ्या हातात आलं. ब्लेडने दोन्ही पट्ट्या कापत असताना माझी दुसऱ्या पट्टीची चोरी सगळ्यांसमोर उघडी पडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार सुटलं. साहेब घामाने निथळत बाहेर आले, त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि तवा बघितला.

"एवढा सुकटीचा वास इथे होता?" ते म्हणाले.

मावशींनी त्यांना ताट वाढलं. साहेबांनी डाव्या हाताने फॉर्म पुढे ओढला आणि जेवता जेवता वेड्यावाकड्या अक्षरात भरला. ऑर्डर मंजूर, पट्टी एकच लावणे. वास: नाही. आणि तीन वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात लिहिलं: आवाज: अजिबात नाही, वीस मिनिटं ओरडून पाहिलं.