उलटी झालेली जमीन

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर माफ करा. पण बुजवलेल्या कोळसा खाणीवर मी मातीचा नमुना घेत होतो, तेव्हाचे बाबा मनातून जात नाहीत.

तिथं आमचं शेत होतं. कोळसा निघाल्यावर खड्डा बुजवला, पण उलटा. वरची काळी माती आधी आत लोटली आणि खालचा दगड-मुरूम वर आला. बाबांनी एक ढेकूळ चुरलं, नाकाशी नेलं. त्याला वासच नव्हता.

"बापू, माती बिमार हाये का मेली, तेवढं तुया मशीनले विचार."

"बाबा, मशीन बोलत नाही."

"मंग शिकून काय केलं लेका?" ते हसले, पण ढेकूळ टाकवेना.

वीतभर मातीत आजा-पणजांचं किती शेणखत, किती पालापाचोळा मुरलेला असतो! पुस्तकात हे सगळं एका ओळीत होतं.

काल माती तपासणीचा निकाल आला. पिकाला लागणारं नत्र, स्फुरद नावापुरतं. कॉलेजातले सर म्हणाले, "मेलेली नाही. दरवर्षी ताग पेरून खत म्हणून हिरवाच गाडत राहिलात तर पिकेल. पण तुझ्या नातवंडांच्या काळात."