तुरेच्या शेतातला चर

गुनवोरनं आयुष्यभर घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या, औषधं दिली. स्वीडनच्या हेल्सिंगलँड भागातल्या त्या खेड्यात कुणाचं काय दुखतं हे तिला विचारावं. म्हणून गावानं मिळून फायबर, म्हणजे वेगवान इंटरनेटची केबल, आणायचं ठरवलं, तेव्हा समितीचं अध्यक्षपद तिच्याच गळ्यात पडलं. तिलाही ते हवं होतं. तिचा मुलगा आन्टन शहरात राहून संगणकावर घरांचे नकाशे काढतो. बायकोमुलांसह गावी परतायला तो तयार होता, पण घरात फायबर आलं तरच. आणि गुनवोरचं घर अगदी टोकाला, शेजारी तुरेच्या शेतापलीकडे.

जंगलातून, ओढ्याखालून केबलचा चर तुरेच्या बांधापर्यंत येऊन पोचला. जमीन गोठायच्या आत शेवटचा तुकडा उरकायचा होता. सकाळी खणायचं यंत्र आलं, तर बांधावर तुरेचा ट्रॅक्टर आडवा.

"तुरे, सभेत तर तू काहीच बोलला नाहीस!" गुनवोर म्हणाली.

"नाहीच बोललो. मग?"

चूक इथंच झाली होती. सभेत जो गप्प तो राजी, असं गाव धरून चालतं. तुरेनं कॉफी प्यायली, दालचिनीचे दोन पाव खाल्ले, आणि सगळ्यांनी त्याचा होकार मानला.

"पाव खाल्ले म्हणजे शेत दिलं होय? माझ्या दारात कुणी आलं विचारायला? माझ्या आईला तू शेवटपर्यंत न्हाऊ घातलंस गुनवोर. तूसुद्धा नाही आलीस."

ते तिला लागलं. "नाही आले. चुकलंच. आता विचारते. अडचण काय आहे?"

"पाणी काढून न्यायला बाबांनी मातीच्या नळ्या पुरल्यात इथं. कुठून कशा जातात, मलाही धड माहीत नाही. तुझं यंत्र त्या फोडेल, आणि बर्फ वितळला की शेताचं तळं होईल."

"मग यंत्र इथंच थांबेल. एवढं शेत मी हातानं खणते."

"तू? त्या गुडघ्यांनी?"

"गुडघ्यांनी कशाला? फावड्यानं."

आणि ती खणायला लागलीसुद्धा. चिकट माती, वरून ओला बर्फ. तुरे ट्रॅक्टरवर बसून बघत राहिला.

"सरळ तरी खण! बटाटे लावतेयस का?"

"जिभेपेक्षा हात चालव की जरा!"

तो पुटपुटत उतरला, घरातून लोखंडी सळई घेऊन आला आणि तिच्या पुढं पुढं जमीन टोचू लागला. सळई कुठं अडखळली की दोघं वाकून हातांनी माती उकरत. नळी दिसली की तिच्याखालून वाट काढत. दुपारपर्यंत शेजारीपाजारी आपापली फावडी घेऊन आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

अंधारून यायच्या आत चर पलीकडच्या बांधाला लागला. एकही नळी फुटली नव्हती. तुरेनं ट्रॅक्टर बाजूला घेतला.

गुनवोरनं मातीच्या हातांनीच फोन लावला.

"आन्टन, तिकडचं घर आवरायला घ्या. आणि इथं आलास की आधी तुरेकडे जायचं, आभार मानायला. चारचौघांत नाही. त्याच्या दारात."